तो आत्मा, ती रूह, ते वारं

रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी माझ्या भाच्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पाठवला. तो अलिबागला कॉलेजात शिकतो. मजकूर लांबलचक होता, पण त्याचं सार दोन वाक्यांत सांगता येईल. बायबलच्या नव्या करारात 'न्यूमा' हा ग्रीक शब्द आहे, ख्रिस्ती लोक त्याचा अर्थ 'आत्मा' असा करतात, पण खरा अर्थ 'प्रेषित' असा आहे. म्हणून हजरत ईसा (अ.स.) यांनी ज्या 'सत्याच्या आत्म्या'ची खबर दिली, तो आत्मा म्हणजे आपले पैगंबर (स.) होत. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामू, वर्गाच्या ग्रुपवर टाकतोय. कोर्लईचा एक जण आहे, त्याची बोलती बंद होईल."

मी लगेच फोन करून त्याला थांबवलं. का थांबवलं, हे त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही. ते इथे लिहितो आहे, कारण असा मजकूर फक्त माझ्याच भाच्याकडे आलेला नसणार.

हा युक्तिवाद मला नवा नाही. तीस वर्षांपूर्वी मी स्वतः तो वापरला आहे. आखातातून सुट्टीवर येणारी आपली कोकणी माणसं तेव्हा अहमद दीदात यांच्या भाषणांच्या व्हिडिओ कॅसेटी आणायची. ज्याच्या घरी व्हीसीआर त्याच्या घरी रात्री गर्दी व्हायची. मूळचे सुरत जिल्ह्यातले, आयुष्य दक्षिण आफ्रिकेत काढलेले दीदात बायबलचे अध्याय-ओव्या तोंडपाठ सांगत आणि समोरचा पाद्री निरुत्तर झाला की आम्ही इकडे टाळ्या वाजवत असू. ज्या समाजाला मिशनऱ्यांची एकतर्फी टीका शंभर-दीडशे वर्षं ऐकावी लागली होती, त्याला या कॅसेटींनी मान ताठ करायला शिकवलं. ते ऋण मी नाकारत नाही.

पण मी त्या कॅसेटींतून काय उचललं? मी तेव्हा मुरूडच्या बाजूला एका शाळेत शिकवत होतो. कोर्लईचे एक ख्रिस्ती शिक्षक माझे सहकारी होते. त्यांची आई वारली. पंधरा दिवसांनी ते कामावर आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, "पवित्र आत्म्याने बळ दिलं, म्हणून सावरलो." झालं! मी योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढला. आत्मा म्हणजे प्रेषित, तुमच्याच ग्रंथात लिहिलंय, असं सगळ्यांसमोर सुनावलं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "सर, आई गेली तेव्हा मी तिचा श्वास बघत बसलो होतो. पत्रात काय लिहिलंय ते मला माहीत नाही."

पुढे नऊ वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो. ईदला ते घरी येत, नाताळला मी त्यांच्याकडे जात असे. धर्माबद्दल मात्र ते माझ्याशी पुन्हा कधीच एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या त्या 'श्वास' शब्दात न्यूमाचा मूळ अर्थ होता, हे मला फार उशिरा, स्वतः वाचायला लागल्यावर कळलं.

न्यूमा हा शब्द 'फुंकणे, वाहणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला. वाहणारी हवा, वारा, श्वास हा त्याचा पहिला अर्थ. हवा भरलेल्या टायरला न्यूमॅटिक टायर म्हणतात, ते याच शब्दावरून. नव्या करारात हा शब्द पावणेचारशेच्या वर वेळा येतो आणि दरवेळी तो एकच अर्थ सांगत नाही. वधस्तंभावर ईसा न्यूमा सोडतात, तिथे तो प्राण आहे. लूकच्या शेवटच्या अध्यायात शिष्यांना वाटतं की आपल्याला न्यूमा दिसतो आहे आणि ते घाबरतात, तिथे ते भूत आहे. मार्कमध्ये माणसाच्या अंगात शिरून त्याला छळणारी अशुद्ध शक्तीही न्यूमाच. डोंगरावरच्या प्रवचनात 'न्यूमाने गरीब' असलेल्यांना धन्य म्हटलं आहे, तिथे ती माणसाची वृत्ती आहे. इब्री लोकांच्या पत्रात फरिश्त्यांना न्यूमा म्हटलं आहे. आणि जिथे 'पवित्र' हे विशेषण लागतं तिथे ते ख्रिस्ती श्रद्धेतलं पवित्र आत्म्याचं नाव होतं.

सगळ्यात नाजूक जागा योहानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा यहुदी पुढारी रात्री भेटायला येतो. ईसा त्याला सांगतात की न्यूमा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला आणि कुठे चालला हे कळत नाही. आणि न्यूमातून जन्मलेल्या माणसाचंही तसंच असतं. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे. मराठीत उतरवताना मात्र भाषांतरकाराला एकदा 'वारा' आणि एकदा 'आत्मा' लिहावं लागतं. तसं लिहिलं की ज्या धाग्यावर ते वाक्य उभं आहे तो धागाच तुटतो.

ईसा ग्रीकमध्ये नव्हे, अरामीमध्ये बोलत. या ग्रीक शब्दामागे सामी भाषांचा शब्द उभा आहे, हिब्रूमधला 'रुआख', अरामीतला 'रुहा'. रुआख म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा तिन्ही. तौरातचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा रुआखसाठी बहुतेक ठिकाणी न्यूमा वापरला गेला. आणि आपल्या अरबीत? 'रूह' आणि वाऱ्याला असलेला शब्द 'रीह' एकाच धातूतून निघालेले सख्खे भाऊबंद आहेत. म्हणजे भाच्याच्या मजकुरातला तो परका ग्रीक शब्द आपल्याच घरातल्या शब्दाचा नातेवाईक आहे.

आता मजकुरातला मुद्दा तपासू. योहानाच्या पहिल्या पत्रात सांगितलं आहे की प्रत्येक न्यूमावर विश्वास ठेवू नका, तो ईश्वराकडचा आहे का ते पारखा, कारण जगात पुष्कळ खोटे प्रेषित निघाले आहेत. इथे न्यूमा आणि प्रेषित जवळजवळ आले आहेत, हे खरं. लिहिणाऱ्याच्या मनात असं आहे की प्रत्येक प्रेषित कुठल्या तरी न्यूमाच्या प्रेरणेने बोलतो. तेव्हा बोलणाऱ्याला पारखायचं तर त्याच्या मागची प्रेरणा पारखा. यातून 'न्यूमा म्हणजे प्रेषित' असा शब्दकोश निघत नाही. गावात एखाद्या बाईच्या अंगात येतं तेव्हा लोक म्हणतात, "वारं काय म्हणतंय ते ऐका." म्हणून मराठीत 'वारं' या शब्दाचा अर्थ 'बाई' असा होतो का?

शिवाय योहानाच्या शुभवर्तमानात ज्या साहाय्यकाची, 'पॅराक्लीट'ची, खबर आहे, त्याला चौदाव्या अध्यायात स्पष्टपणे पवित्र न्यूमा म्हटलं आहे; जग त्याला पाहू शकत नाही, तो तुमच्यात राहील, असंही म्हटलं आहे. आपल्यातले काही जण म्हणतात की मूळ शब्द 'पेरिक्लितोस', म्हणजे प्रशंसित, म्हणजेच अहमद, असा होता आणि तो बदलला गेला. आजवर उपलब्ध असलेल्या एकाही ग्रीक हस्तलिखितात तसा शब्द नाही. पैगंबर-चरित्राचे आरंभीचे लेखक इब्न इसहाक यांनी योहानाचा हा भाग दिला आहे, त्यातही 'मुनह्हमना' असा अरामी वळणाचा, पॅराक्लीटच्या भाषांतरातून आलेला शब्द आहे. त्यांनी त्याचा अर्थ पैगंबरांशी (स.) जोडला, पण ग्रीक अक्षरं बदलल्याचा दावा केला नाही.

दुसरा मुद्दा लिंगाचा. दीदात म्हणत की त्या उताऱ्यात 'तो', 'तो' अशी पुल्लिंगी सर्वनामं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून तो माणूसच असला पाहिजे. ऐकायला भारी वाटतं. पण ग्रीकमध्ये 'पॅराक्लीट' हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहे म्हणून सर्वनाम 'तो' येतं. न्यूमा नपुंसकलिंगी आहे. हिब्रूतली रुआख बहुधा स्त्रीलिंगी असते आणि लॅटिनमधला स्पिरितुस पुल्लिंगी. मराठी मुसलमानाला हे समजायला कुठल्या विद्यापीठात जायला नको. आपण घरी काय म्हणतो? तो आत्मा, ती रूह, ते वारं. एकच जीभ, एकच घर आणि तिन्ही लिंगं. यावरून आत्मा पुरुष आहे आणि रूह बाई आहे असं कोणी सिद्ध करायला निघालं तर आपण हसू.

इथे काही वाचक विचारतील, "मग पैगंबरांच्या (स.) आगमनाची खबर ईसांनी दिली, हे तुम्ही मानत नाही का?" मानतो. सूरह सफच्या सहाव्या आयतीत ते आलं आहे, आणि मी मुसलमान आहे, एवढं मला पुरेसं आहे. माझा ईमान ग्रीक व्याकरणावर टेकलेला नाही. उलट, भलत्या टेकूवर ईमान उभा करायला पोरांना शिकवलं, तर ज्या दिवशी एखादा ग्रीक जाणणारा माणूस तो टेकू काढून घेईल, त्या दिवशी त्यांचं काय होईल, याची मला काळजी वाटते.

माझ्या मनातली खरी गोष्ट वेगळी आहे. ती मोजमापाची आहे.

कुरआनात रूह हा शब्द किती अर्थांनी येतो ते पाहा. आदमच्या मातीत अल्लाहने फुंकली ती रूह (१५:२९). बीबी मरियमच्या बाबतीतही तेच फुंकणं आहे (२१:९१). वह्य घेऊन उतरणारे 'रूहुल कुदुस' (१६:१०२), म्हणजे आपल्या बहुतेक मुफस्सिरांच्या मते जिब्रील (अ.स.). शूरा सूरहमध्ये वह्यलाच रूह म्हटलं आहे (४२:५२). ईमानवाल्यांना अल्लाहने दिलेलं बळ, तीही रूह (५८:२२). आणि हजरत ईसांना अल्लाहकडची एक रूह म्हटलं आहे (४:१७१).

ही शेवटची आयत ख्रिस्ती वादपटू आपल्यासमोर नेहमी ठेवतात. "बघा, तुमचाच ग्रंथ ईसांना ईश्वराचा आत्मा म्हणतो, मग त्यांचं ईश्वरत्व मान्य करा." तेव्हा आपण काय उत्तर देतो? आपण म्हणतो, "थांबा. रूहचे अनेक अर्थ आहेत. एक शब्द उचलून सिद्धांत बांधू नका. मागचं-पुढचं वाचा, आम्ही चौदाशे वर्षं तो शब्द कसा समजत आलो ते विचारा." हे उत्तर बरोबर आहे. तीच आयत ईसांना अल्लाहचे रसूल म्हणते आणि 'तीन' म्हणू नका असंही बजावते. मग आपल्या रूहसाठी मागितलेली ही सवलत त्यांच्या न्यूमाला का नाही? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? सूरह मुतफ्फिफीन लोकांकडून पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्यांच्या धिक्काराने सुरू होते. ती फक्त तांदूळ मोजणाऱ्या दुकानदारासाठी उतरली आहे, असं मला वाटत नाही. शब्दांचंही माप असतं.

हे दोन्ही बाजूंना लागू आहे. पवित्र आत्म्याचं ईश्वरत्व आणि त्रैक्य मला मान्य नाही आणि ते न्यूमा या शब्दातून आपोआप निघतं असंही नाही. तो सिद्धांत चर्चमधल्या दीर्घ चर्चेतून आकाराला आला. कॉन्स्टँटिनोपलची परिषद, जिथे पवित्र आत्म्याबद्दलची कलमं पक्की झाली, ती ३८१ सालची. शब्द कोणाच्याच बाजूने साक्षीला उभा राहत नाही. श्रद्धा आधी असते, शब्द नंतर तिच्यासाठी राबतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मुरूडहून अलिबागला जाणारा रस्ता धरा. पन्नासएक किलोमीटरचा प्रवास. निघताना जंजिऱ्याचा किल्ला आणि मुरूडच्या मशिदी. नांदगाव, काशीद, बोर्ली मागे टाकलं की कोर्लई, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून निघालेली बोली आजही घरात बोलतात आणि तिला 'नौ लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात. पोर्तुगीज १७४० मध्ये हा भाग सोडून गेले, भाषा राहिली. पूल ओलांडला की रेवदंडा, तिथे १८४२ चं बेथ एल सिनेगॉग. पुढे अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज इथे आले असं मानणारे बेने इस्रायली, म्हणजे आपले शनिवार तेली, या गावांतून पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी आडनावं घेऊन राहिले. आता बहुतेक जण इस्रायलला गेले.

म्हणजे या एका रस्त्यावर रूह, पोर्तुगीजांचा 'एस्पिरितु सांतु' आणि रुआख तिन्ही शब्द शेकडो वर्षं रोज उच्चारले गेले. आणि तिन्ही घरांची भाषा मराठी किंवा तिच्या शेजारची. भाषांतराचा प्रश्न इथे पंडितांच्याही आधी साध्या माणसांनी सोसला आहे. गोव्याच्या जुन्या कोकणी प्रार्थनांत 'इस्पिरित सांत' असा पोर्तुगीज शब्दच ठेवला गेला. आधीच्या मिशनऱ्यांना बहुधा भीती वाटली असावी की देशी शब्द घेतला तर देशी अर्थही सोबत येईल. पुढे प्रोटेस्टंट आले. विल्यम कॅरींचा मराठी नवा करार श्रीरामपूरला १८११ मध्ये छापून निघाला, त्यानंतर अमेरिकन मिशनची भाषांतरं झाली आणि 'पवित्र आत्मा' हा शब्द मराठीत रुळला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मुरूड तालुक्यातल्या राजपुरीवरून आडनाव घेणाऱ्यांपैकी जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये बाहेर आलं.

'आत्मा' हा शब्द वाईट नाही. पण तो वेदान्तातून आला, त्याला 'परमात्मा' चिकटलेला आहे, आणि बाजारात त्याला 'भटकता आत्मा'ही चिकटला. वारा आणि श्वास मात्र त्यातून गळून गेले. मराठीत ते दोन्ही सांभाळणारा शब्द आहे, तो म्हणजे 'वारं'. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे, हे आपण शाळेत शिकलो. अंगात येतं तेही वारं आणि बाहेरून लागतं तेही वारं. निकदेमला जे सांगितलं गेलं ते आमच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्याला एका दमात कळेल.

आणि हा 'दम' तरी काय आहे? फारसीत दम म्हणजे श्वास. मराठीत तो दम लागतो, दम धरतो, दम देतो. आपल्या घरात आजारी मुलासाठी दुआ वाचून पाण्यावर फुंकर मारतात, त्यालाही दम करणं म्हणतात. उर्दूत 'दम-ए-ईसा' म्हणजे मेलेल्यात जीव आणणारा श्वास. मातीच्या पाखरात ईसांनी अल्लाहच्या हुकमाने फुंकर घातली ही कुरआनातली गोष्ट त्यामागे आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात ईसा शिष्यांवर फुंकर घालतात. तिथलं ग्रीक क्रियापद तेच आहे, जे आदमच्या निर्मितीच्या गोष्टीत तौरातच्या ग्रीक भाषांतरात येतं. तिन्ही ग्रंथांत कोणीतरी मातीत फुंकर घालतो आणि माती उठून बसते. आपले मतभेद यानंतर सुरू होतात. ते खरे आहेत, मोठे आहेत आणि लपवायचंही कारण नाही. पण सुरुवात तरी इथून करावी.

पैगंबरांना (स.) रूहबद्दल विचारलं गेलं तेव्हा उत्तर मिळालं की ती माझ्या रबच्या हुकमातली बाब आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडंच दिलं गेलं आहे (१७:८५). ज्या शब्दाबद्दल खुद्द कुरआनने आपल्याला एवढी नम्रता शिकवली, तोच शब्द आपण शेजाऱ्याची बोलती बंद करायला वापरतो. ग्रंथधारकांशी चर्चा करायला कुरआनने मनाई केलेली नाही. उत्तम रीतीने करा, असं सांगितलं आहे (२९:४६). ज्याची आई पंधरा दिवसांपूर्वी गेली त्याला चारचौघांत गाठणं उत्तम रीतीत बसत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, माहीत नाही.

ते शिक्षक निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी गेले. मी कोर्लईला मातीला गेलो होतो. त्यांच्याकडे मी माफी कधी मागितली नाही, तो विषयच निघाला नाही. म्हणून हे भाच्याला सांगायचं होतं.

तो मजकूर त्याने ग्रुपवर टाकला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, जरा घुश्शातच. "मामू, मग त्याला मी काय विचारू?" मी म्हटलं, "तुझी आजी मरताना माणसाचं काय जातं असं म्हणते, ते विचार. आणि तुझ्या नानीने काय म्हटलं होतं ते त्याला सांग." विचारलं की नाही, ते अजून त्याने मला कळवलेलं नाही.